आजीच्या टेपरेकॉर्डरसाठी कोऱ्या कॅसेट : कुठून घ्याव्यात, कशा पारखाव्यात

साताऱ्याजवळच्या एका गावातून एका ताईंचा प्रश्न आला आहे. वडिलांचा जुना कॅसेट डेक त्यांनी दुरुस्त करून घेतला, ऑनलाइन दहा कोऱ्या कॅसेट मागवल्या आणि त्यातल्या चार खराब निघाल्या. एकीत मधूनच आवाज जातो, एक फिरता फिरता अडकते, आणि दोनींचा आवाज घोंगडीआडून आल्यासारखा दबका येतो. ‘आज भरवशाची कोरी कॅसेट मिळते तरी कुठे?’ एवढाच प्रश्न असता तर दोन-चार नावे सांगून थांबलो असतो. पण शेवटी त्यांनी लिहिले आहे की आजीच्या जात्यावरच्या ओव्या भरायच्या आहेत आणि त्या कॅसेटवरच हव्यात, कारण आजीला स्वतःच्या हाताने चालू करता येते असे घरातले ते एकच यंत्र आहे. तिचा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेले यंत्र, उशाशी असतो आणि बटण कुठले दाबायचे हे तिला अंधारातही कळते.

ताई, हे कारण मला पूर्ण पटते. मोबाइलवर भरा, पेन ड्राइव्ह लावा, असे सांगणारे पुष्कळ भेटतील. ज्या माणसाला ऐकायचे आहे त्याच्या हाताला जे यंत्र ओळखीचे आहे, ते त्याच्यासाठी योग्य यंत्र. मी १९८६ साली पुण्यात कॅसेट भरून देणाऱ्या एका दुकानात कामाला लागलो. पुढे कीर्तने, भजने, घरगुती बैठका यांची ध्वनिमुद्रणे केली, आणि आता लोकांच्या जुन्या कॅसेट दुरुस्त करून त्यांतला आवाज संगणकावर उतरवून देतो. हजारो कॅसेट हातांखालून गेल्या. त्यावरून सांगतो : भरवसा कॅसेटच्या नावावर ठेवता येत नाही, तो प्रत्येक खेपेला हातातल्या कॅसेटवर आणि समोरच्या यंत्रावर तपासूनच ठेवावा लागतो. चांगल्या कंपनीची कॅसेट वाईट ठिकाणी वीस वर्षे पडून राहिली तर वाईटच होते. आणि उत्तम कॅसेट मळलेल्या हेडवर दबकीच वाजते. हेड म्हणजे टेपला टेकून तिच्यावर आवाज भरणारा आणि वाचणारा यंत्राचा भाग.

म्हणून कॅसेट परत पाठवण्याआधी डेककडे बघा. दुरुस्ती करणाऱ्याने बेल्ट बदलला असेल, पण हेड आणि पिंच रोलर साफ केले का? पिंच रोलर म्हणजे टेपला दाबून पुढे ओढणारे काळे रबरी चाक. ते तकाकी येऊन घट्ट झाले असेल तर टेप घसरते, आवाज थरथरतो, आणि एखाद्या दिवशी डेक टेप खातो. कानकोरणीचा कापूस आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम भिजवून हेड आणि शेजारचा धातूचा बारीक दांडा पुसा. कापूस तपकिरी निघायचा थांबेपर्यंत पुसत राहा. रबरी चाकाला अल्कोहोल वरचेवर लावू नका, ओल्या कपड्याने पुसून कोरडे केले तरी भागते. मग घरातली, पूर्वी चांगली वाजत असलेली एखादी भरलेली कॅसेट लावा. ती स्वच्छ आणि स्थिर वाजली तर डेकची वाजवण्याची बाजू ठीक आहे, आणि त्या चार कॅसेटवर संशय घ्यायला हरकत नाही. तीसुद्धा दबकी वाजली तर तुमच्या चारपैकी दोन तरी निर्दोष असायची शक्यता आहे. माझ्याकडे ‘कॅसेट खराब आहे’ म्हणून येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे काम हेड पुसल्यावर संपते.

आता कॅसेटविषयी. बिघाड शोधताना तिचे दोन भाग वेगळे धरावेत : आतली टेप आणि बाहेरची बॉडी. टेप म्हणजे पॉलिएस्टरची ३.८१ मिलिमीटर रुंदीची पट्टी, तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा किंवा तत्सम चुंबकीय पदार्थाचा लेप. ती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने हेडवरून जाते. फिलिप्सने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात ही कॅसेट मांडली ती मुख्यतः बोलणे टिपण्यासाठी. पट्टी इतकी अरुंद आणि वेग इतका कमी, की लेपात टाचणीच्या टोकाएवढा खड्डा असला तरी तिथे आवाज बुडतो. तुमच्या पहिल्या कॅसेटमध्ये आवाज मधूनच जातो तो बहुधा असा : लेप असमान, किंवा टेपला कुठे सुरकुती पडलेली.

अडकणारी कॅसेट मात्र टेपमुळे क्वचित अडकते. तिथे बॉडी दोषी असते. आत दोन चकत्या, कोपऱ्यांत दोन रोलर, टेपच्या दोन्ही अंगांना गुळगुळीत कागदासारखे दोन पातळ पत्रे, आणि समोरच्या खिडकीत तांब्याच्या रंगाच्या पट्टीवर चिकटवलेला नमद्याचा छोटा तुकडा. हा नमदा टेपला हेडवर हलकेच दाबून धरतो. जुन्या कॅसेटमध्ये सर्वात आधी त्याचा डिंक सुकतो आणि तुकडा गळून पडतो किंवा तिरका होतो. मग टेप हेडला नीट टेकत नाही, आणि आवाज दबका येतो, कधी एका बाजूने येतो, कधी येतो-जातो. तुमच्या दोन दबक्या कॅसेटचे नमदे आधी बघा. दात कोरायच्या काडीने अलगद दाबून पाहा, जागेवर घट्ट असायला हवेत.

बॉडी दोन प्रकारची येते : पाच स्क्रूंची आणि कायमची चिकटवलेली. चिकटवलेली म्हणजे हलकी असे समजू नका, जपानी कंपन्यांनी उत्तम चिकटवलेल्या बॉडी काढल्या. पण आपल्यासारख्यांना स्क्रूची बरी, कारण टेप गुंतली किंवा नमदा पडला तर उघडता येते. मी तर एक-दोन रिकाम्या स्क्रूच्या बॉडी जवळ बाळगतो. महत्त्वाची टेप वाईट बॉडीत असेल तर रीळ उचलून दुसरीत घालायला दहा मिनिटे लागतात.

आता कुठे मिळतात ते. नवीन बनलेला माल आणि जुना न वापरलेला साठा, असे दोन मार्ग आहेत. नव्यात मॅक्सेलची ‘यूआर’ ही साधी फेरिक, म्हणजे लोह ऑक्साइडच्या लेपाची, कॅसेट मला सर्वात सरळ वाटते. ती ६० आणि ९० मिनिटांची मिळते, ऑनलाइन सापडते, आणि एका खोक्यातल्या सगळ्या कॅसेट एकसारख्या निघण्याची शक्यता तिच्यात जास्त. फ्रान्समधली रेकॉर्डिंग द मास्टर्स ही रीळ टेप बनवणारी कंपनी ‘फॉक्स’ नावाची सी-६० (दोन्ही बाजू मिळून ६० मिनिटांची) कॅसेट काढते. टेप चांगली आहे, पण टपालखर्च आणि सीमाशुल्क धरता आपल्याकडे महाग पडते. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डमध्ये नॅशनल ऑडिओ कंपनी आहे, ती स्वतःची फेरिक टेप बनवते आणि हव्या त्या लांबीच्या कॅसेट भरून देते. तिकडे कोणी नातेवाईक असेल आणि येताना सामानात वीसेक कॅसेट आणू शकत असेल तर तो मार्ग चांगला. ज्या खोक्यावर कंपनीचे नाव-गाव काहीच नाही, फक्त ‘६० मिनिटे’ लिहिले आहे, तो माल ओव्यांसाठी घेऊ नका. त्यात कधी बरी टेप निघतेही, पण पुढच्या खेपेला तीच निघेल याची खात्री नसते. तुमच्या दहांतल्या सहा चांगल्या आणि चार वाईट, हे त्याचेच लक्षण वाटते.

जुना साठा हा वेगळा विषय आहे आणि तिथे मन थोडे गुंतते, कारण त्यातला काही माल आजच्यापेक्षा खरोखर सरस आहे. १९९० च्या आसपासच्या टीडीके, मॅक्सेल, सोनी यांच्या साध्या कॅसेटसुद्धा फार जपून बनवलेल्या असत. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या आतल्या गल्ल्यांमध्ये, चोरबाजारात, पुण्यात तपकीर गल्लीतल्या जुन्या दुकानांत किंवा रविवार-बुधवारच्या जुन्या बाजारात अधूनमधून सीलबंद कॅसेट निघतात. तालुक्याच्या गावी, बंद पडत आलेल्या कॅसेटच्या दुकानाच्या माळ्यावरही निघतात. ओळखीच्या दुकानदाराला नुसते विचारून ठेवा. मला माझा सर्वात चांगला साठा असाच एका मिठाईच्या दुकानातून मिळाला, त्या जागेत पूर्वी कॅसेटचे दुकान होते.

कोकणातल्या आणि मुंबईतल्या ज्या घरांतली माणसे आखातात नोकरीला होती, तिथे आणखी चांगले सापडते. मस्कत, दुबई, कुवेतहून सुट्टीला येताना माणसे जपानी डेक आणायची आणि सोबत दहा-दहाची न फोडलेली खोकी आणायची. त्यांतली काही अजून कपाटात आहेत.

मात्र सीलबंद म्हणजे निर्दोष असे नाही, हे आपल्या हवेत तर मुळीच नाही. कॅसेटवरचा पातळ कागद धूळ अडवतो, दमट हवा अडवत नाही. मुंबई-कोकणात पंचवीस पावसाळे काढलेल्या कॅसेटच्या खिडकीतून रिळाकडे बघा. पांढरट ठिपके, जाळे किंवा पिठासारखी पूड दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट डेकमध्ये घालूच नका, ती हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटकडे जाते. हुंगूनही पाहा, बंद खोलीचा कुबट वास आला तर बाजूला ठेवा. हेच कारण आहे की देशावरच्या कोरड्या गावातला साधा माल मला समुद्राकाठच्या उंची मालापेक्षा अधिक भरवशाचा वाटतो.

नकली मालाची काळजीही जुन्या साठ्यात घ्यावी लागते. त्या काळी नामांकित कंपन्यांच्या हुबेहूब वेष्टनात भलतीच टेप विकली जाई. मी स्वतः १९९० च्या दशकात मुंबईहून आणलेल्या एका खोक्यावर फसलो. वारकरी भजनाचा सप्ताह भरत होतो, तिसऱ्या कॅसेटपासून टेप हेडवर किंचाळू लागली. भजनाची ती रात्र गेली, आणि त्यातले म्हातारे बुवा पुढच्या वर्षी नव्हते. तेव्हापासून न तपासलेली कॅसेट मी कार्यक्रमाला नेली नाही. नकली ओळखायचे काही मार्ग आहेत : छपाई पुसट, अक्षरांच्या कडा फुटलेल्या, सील फोडायची पट्टी वाकडी, टेपचा रंग जागोजागी वेगळा, कडा एका रेषेत नाहीत. आणि लांबी कमी. चांगल्या कंपनीच्या सी-६० मध्ये एका बाजूला ३० मिनिटांपेक्षा थोडी जास्तच टेप असते. २८ व्या मिनिटाला संपली तर समजावे.

एवढे सगळे पाहिल्यावरही शेवटी कानानेच ठरवायचे असते. माझी पद्धत सांगतो, तिला महागडे यंत्र लागत नाही. आधी कॅसेट तळहातावर सपाट दोन-तीनदा आपटायची, म्हणजे वर्षानुवर्षे एकमेकांना चिकटून बसलेले फेरे सैल होतात. मग षट्कोनी पेन्सिल भोकात घालून थोडी फिरवायची, हाताला सारखाच जोर लागायला हवा. नंतर डेकमध्ये एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे पळवायची. घासल्याचा आवाज येतो का, वेग कुठे मंदावतो का, ते ऐकायचे. याने टेपचा ताणही सगळीकडे सारखा होतो, म्हणून नव्या कॅसेटलाही मी हे करतो.

मग तिच्यावर तंबोरा भरायचा. मोबाइलवर तंबोऱ्याची ॲप मिळतात, तो सूर तारेने डेकला द्या आणि अख्खी एक बाजू, पूर्ण ३० मिनिटे, भरा. कंपन्यांचे लोक यासाठी १००० आणि १०,००० हर्ट्झचे सूर वापरतात आणि ते अचूक आहेच, पण अर्धा तास तसली शिट्टी कोणी ऐकू शकत नाही. तंबोरा मन लावून ऐकता येतो आणि त्यात तपासणीचे सगळे येते. सूर अखंड चालतो, त्यामुळे आवाज क्षणभर बुडाला तरी लगेच कळतो. षड्ज जराही हेलकावला तर आपल्या कानाला खटकतो, म्हणजे वेगातला दोष सापडला. आणि जवारीचा जो झंकार वरच्या बाजूला तरंगत असतो, तो सगळा उंच कंपनांचा आहे. भरलेल्या कॅसेटवर तंबोरा ऐकू येतो पण जवारी मेल्यासारखी वाटते, तर उंच स्वर जात आहेत : टेप कमी प्रतीची, नमदा ढिला, किंवा हेड मळलेले. मूळ आवाज आणि कॅसेट आलटून पालटून ऐका. पाच मिनिटांत कान तयार होतो.

अशी तपासणी आधी दोनच कॅसेटवर करा. विक्रेत्याकडून दोन मागवा, दोन्ही उतरल्या तरच त्याच खोक्यातल्या, त्याच छपाईच्या आणखी दहा घ्या. महिन्याभराने घेतल्या तर त्या वेगळ्या खेपेतल्या असू शकतात. आणि दहाही एकेक करून तपासा. वेळ जातो, पण तंबोरा लावून स्वयंपाक करत करतही हे होते.

आता कोणत्या जातीची टेप. कॅसेटवर टाइप १, टाइप २, टाइप ४ असे लिहिलेले असते. टाइप १ म्हणजे साधी फेरिक. टाइप २ ला लोक क्रोम म्हणतात, पण टीडीकेची १९७५ ची ‘एसए’ आणि तिच्यामागून आलेल्या बहुतेक जपानी टेपांत क्रोमियम नसून कोबाल्ट मिसळलेले लोह ऑक्साइड आहे. टाइप ४ म्हणजे मेटल. तुम्हाला कोणीतरी आग्रहाने सांगेल की ओव्यांसारखे अमोल काही भरायचे तर मेटल घ्या. घेऊ नका. मेटल टेपचे उत्पादन कधीच थांबले आहे, उरलेल्या कॅसेट संग्राहकांच्या भावाने विकल्या जातात. आणि तुमच्या आजीच्या टू-इन-वनला बहुधा साध्या टेपखेरीज दुसरी सोय नाही. टाइप २ आणि ४ ची टेप वाजवताना उंच स्वरांची जी भरपाई करावी लागते ती ७० मायक्रोसेकंदांची, साध्या टेपची १२० ची. टू-इन-वन सगळ्यांना १२० नेच वाजवतो, म्हणजे टाइप २ वर भरलेला आवाज त्यात कर्कश, पातळ लागतो. आजीच्या आवाजाला ते नको. तुमच्यासाठी टाइप १ हीच योग्य, आणि सुदैवाने नवी तीच सहज मिळते.

त्याच कारणाने डेकवरचे डॉल्बीचे बटण बंद ठेवा. डॉल्बी बी लावून भरले की फुसफुस सुमारे १० डेसिबलने कमी होते खरी, पण वाजवणाऱ्या यंत्रातही डॉल्बी असेल तरच. आजीच्या यंत्रात नसेल. ओवीच्या मागे जात्याची घरघर असतेच, टेपची बारीक फुसफुस त्यात मिसळून जाईल.

लांबी सी-६० च घ्या. सी-९० मध्ये तेवढ्याच जागेत दीडपट टेप बसवायची म्हणून ती पातळ असते, सी-१२० मध्ये तर फारच. आम्ही बैठकीला सी-९० वापरायचो, कारण ४५ मिनिटांत एक बडा ख्याल मावायचा आणि गवई तंबोरे पुन्हा लावून घेत तेवढ्यात कॅसेट उलटता यायची. ओवीला अशी गरज नाही, दोन ओव्यांमध्ये थांबता येते. सी-१२० कोणी फुकट दिली तरी जुन्या यंत्रात घालू नका, पहिल्यांदा गुंतते ती तीच.

एका गोष्टीबद्दल मात्र मला इथून नक्की सांगता येणार नाही, ती तुमच्या दोन यंत्रांवर अवलंबून आहे. तुम्ही भरणार वडिलांच्या डेकवर आणि आजी ऐकणार टू-इन-वनवर. दोन्हींच्या हेडमधली उभी फट टेपशी काटकोनात असावी लागते. एकाचे हेड केसभर तिरके असेल तरी तुमच्या डेकवर स्वच्छ वाजणारी कॅसेट आजीकडे दबकी वाजेल, आणि दोष बिचाऱ्या कॅसेटला लागेल. म्हणून तंबोऱ्याची तपासणी-कॅसेट आजीच्या यंत्रावरही ऐका. तिथे दबकी वाटली तर दुरुस्तीवाला म्हणेल, हेडचा स्क्रू फिरवून देतो. आधी आजीच्या इतर कॅसेट ऐका. बाजारातल्या भरलेल्या कॅसेट तिच्याकडे छान वाजत असतील तर तिच्या यंत्राला हात लावू देऊ नका, डेकचे हेड जुळवून घ्या. आणि तिने त्याच यंत्रावर पूर्वी स्वतः काही भरून ठेवले असेल, तर ते हेड जसे आहे तसेच राहिले पाहिजे. हलवले की तिचे जुने सगळे दबके होईल. तिच्या टू-इन-वनला बाहेरून आवाज देण्याची सोय असेल आणि त्याचे रेकॉर्डिंग चालत असेल, तर सरळ त्यावरच भरणे सर्वात सोपे. ज्या हेडने भरले त्याच हेडने ऐकले की जुळणीचा प्रश्न उरत नाही.

वापरलेल्या कॅसेटवर पुन्हा भरावे का, हेही तुम्ही विचारले आहे. भरता येते. मागच्या कडेची प्लॅस्टिकची टिकली मोडली की त्या कॅसेटवर रेकॉर्डचे बटण दबत नाही, म्हणजे भरलेले चुकून पुसले जात नाही. तिथल्या खाचेवर चिकटपट्टी लावली की ते पुन्हा दबते. (टाइप २ च्या कॅसेटवर शेजारी आणखी एक खाच असते, ती झाकू नका, तीवरून डेकला जात कळते.) बाजारातल्या सिनेसंगीताच्या भरलेल्या कॅसेट मात्र टाळा, त्यांतली बरीच टेप हलक्या प्रतीची असे. घरी भरलेल्या टीडीके-मॅक्सेलच्या कॅसेट त्याहून पुष्कळ चांगल्या. पण पुसण्याआधी दोन्ही बाजू पूर्ण ऐका, मधला कोरा वाटणारा भागसुद्धा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गृहस्थांनी मला चाळीस जपानी कॅसेट दिल्या होत्या, ‘जुनी गाणी आहेत, पुसून वापरा’ म्हणून. एकीवर गाणी संपल्यावर आठेक मिनिटे शांतता आणि मग त्यांच्या वडिलांचा आवाज. मस्कतहून घरी पाठवलेले बोलके पत्र होते ते : कोणाची फी भरली का, आंब्याला मोहोर कसा आहे, धाकट्याला दमात घेऊ नका. वडिलांना जाऊन अकरा वर्षे झाली होती. घरात कोणाला हे शिल्लक आहे याची कल्पना नव्हती.

यावरूनच ओव्या कशा भराव्यात तेही सांगतो. आजी गाईल तेव्हा पहिला आवाज कॅसेटवर घेऊ नका. चांगला मायक्रोफोन लावून संगणकावर किंवा छोट्या डिजिटल रेकॉर्डरवर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये घ्या, त्याच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. मग त्यावरून निवांतपणे कॅसेट भरा. एक कॅसेट बिघडली तर दुसरी भरता येईल, आणि आजीला पुन्हा जात्यावर बसवावे लागणार नाही. एका वेळी दोन कॅसेट भरा, एक तिच्या उशाशी, एक कपाटात. मायक्रोफोन तिच्या तोंडापासून हातभर, जात्याच्या बाजूला नाही, तिच्या बाजूला. जाते फिरू द्या. नुसत्या बसून म्हटलेल्या ओवीचा ठेका बदलतो, मी दोनदा करून पाहिले आहे. भरताना डेकवरची आवाजाची पातळी दाखवणारी सुई ० च्या आसपास राहू द्या, आवाज चढेल तेव्हा +३ पर्यंत गेली तरी साध्या टेपला चालते. सतत त्याच्या वर गेली तर आवाज फाटतो, आणि फार खाली ठेवली तर फुसफुस वर येते.

ठेवताना कॅसेट डबीत, उभी, पुस्तकासारखी ठेवा. स्पीकरवर किंवा टीव्हीवर नको, पावसाळ्यात डब्यात ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची पुडी टाका. टेप मध्यावर थांबवून महिनोन् महिने ठेवू नका, शेवटपर्यंत वाजू द्या आणि तशीच ठेवा. आजीला हे सगळे सांगायची गरज नाही, तिच्याजवळची कॅसेट झिजली तर तुम्ही दुसरी भरून द्याल.

आणि ज्या दिवशी ओव्यांची कॅसेट भरून होईल त्याच रात्री तिच्या मागच्या कडेच्या दोन्ही टिकल्या चमच्याच्या टोकाने मोडून टाका. टू-इन-वनवर वाजवण्याचे आणि भरण्याचे बटण शेजारी शेजारी असते, आणि आजी अंधारात बटण दाबते.